घोडा पडणं आणि बार होणं

घोडा पडला आणि बार झाला, ही लांबून ऐकणाऱ्याला एकच गोष्ट वाटते. ज्यानं ठासणीची बंदूक खांद्याला लावली आहे त्याला ठाऊक असतं की या दोन गोष्टी आहेत आणि दोघींच्या मध्ये थोडा वेळ जातो. हा वेळ पापणी लवण्याइतका असला तर बंदूक ठीक आहे. त्याहून जरा वाढला तर डुक्कर मेर ओलांडून रानात गेलेलं असतं. आणखी वाढला तर जवळचं माणूस दुखावतं. बंदुकीचा इतिहास मी जेवढा वाचला आणि ऐकला, तेवढा मला तरी हा मधला वेळ कमी करण्याचाच इतिहास वाटतो.

आमचं गाव कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. मागं रान, पुढं भाताचे कुणगे. अशा गावांत पूर्वी चार-सहा घरं सोडून एका घरात तरी शेतसंरक्षणाची बंदूक असायचीच. एका नळीची, तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग काथ्याची नाहीतर चिंधीची गुंडळी, ती गजानं ठासायची, मग छर्रे, परत गुंडळी, परत गज. नळीच्या बुडाला एक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची बारीक टोपी बसवायची, तिला केप म्हणतात. घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा, चाप दाबला की घोडा केपेवर आपटतो, केपेतली ठिणगी खुंटीच्या भोकातून आत जाते आणि बार होतो. एका बाराला एवढी उस्तवार. दुसरा बार भरेपर्यंत डुकरांचा कळप शेजारच्या कुणग्यात पोचलेला.

ही केप आली कुठून, ते समजलं तेव्हा मला गंमत वाटली. तिच्या आधीच्या बंदुका तोड्याच्या आणि चकमकीच्या. तोड्याच्या बंदुकीत जळती वात कानावरच्या रंजकेला लागायची. रंजक म्हणजे बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू. ती पेटायची, मग आतली पेटायची. चकमकीत वातीऐवजी गारगोटीची ठिणगी आली, पण रंजक राहिलीच. म्हणजे आधी बाहेर भक्‌कन उजेड आणि मग आत बार. पावसात रंजक भिजली तर सगळंच संपलं. रंजक उडायची आणि बार व्हायचाच नाही, असंही घडायचं. फुसका बार हा शब्द आपण आता पुढाऱ्यांच्या भाषणाला वापरतो, पण तो आलाय या दारूगोळ्यातूनच.

स्कॉटलंडमध्ये बेलहेल्वी नावाच्या गावी अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा एक पाद्री होता. त्याला पाणपाखरांच्या शिकारीचा नाद. त्याची अडचण अशी की रंजकेचा उजेड दिसला की पाखरं उडायची नाहीतर पाण्यात बुडी मारायची, आणि छर्रे मागाहून पोचायचे. उजेड आणि बार यांच्यातला तो एवढासा वेळ पाखरांना पुरायचा. म्हणून त्यानं ठोका बसला की पेटणारा पदार्थ वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या युक्तीची तांब्याची टोपी झाली. १८४० च्या सुमाराला इंग्रजांच्या फौजेनं चकमक सोडून केप घेतली. १८५७ साली ज्या काडतुसांवरून एवढा भडका उडाला, ती एनफिल्ड बंदूकसुद्धा तोंडाकडूनच भरायची आणि केपेवरच चालायची. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दातानं फाडायची. पाखरं उडून जातात म्हणून एका पाद्र्यानं केलेली खटपट अशी फिरत फिरत आमच्या भाताच्या कुणग्यापर्यंत आली.

आता यातला दुसरा माणूस. सॅम्युएल कोल्ट, अमेरिकेतला. १८३० साली सोळा वर्षांचा असताना हा मुलगा ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर चढून कलकत्त्याच्या सफरीला निघाला. त्या सफरीत त्यानं लाकूड तासून फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा नमुना केला, असं सांगतात. १८३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याची युक्ती अशी की घोडा अंगठ्यानं मागं ओढला की त्याच ओढीत गोळ्यांचं चक्र एका घरानं फिरतं आणि नवं घर नळीसमोर येतं. चापाचं काम एकच, घोडा सोडायचा. ओढायचं काम दर वेळी अंगठ्याचं. याला सिंगल अ‍ॅक्शन म्हणतात. कोल्टच्या माघारी १८७३ साली याच जातीचं जे रिव्हॉल्वर अमेरिकेच्या फौजेनं घेतलं, ते आपण इंग्रजी सिनेमात गुराख्यांच्या कमरेला बघतो.

या रिव्हॉल्वरची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती तालुक्याच्या गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी. ते सैन्यात हत्यारांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्त होऊन आले आणि रीतसर परवाना काढून दुकान टाकलं. दुकान कसलं, एक खोली, खिडकीजवळ शेगडा, कानशी आणि एक भिंग. आसपासच्या गावांतल्या ठासणीच्या बंदुका त्यांच्याकडे यायच्या. मी वडिलांबरोबर जायचो आणि पुढं एकटाच. मिस्त्री बोलायला मोकळे. काम हातात, गोष्ट तोंडात.

ते म्हणायचे, रिव्हॉल्वरात तीन कामं एका वेळी व्हावी लागतात. घोड्याला जोडलेला एक पंजा चक्राला ढकलून फिरवतो. खालून एक खिट्टी उसळून चक्राच्या खाचेत बसते आणि चक्र जागच्या जागी बांधून टाकते. आणि घोडा पुरा मागं जाऊन अडकतो. खिट्टी बसणं आणि घोडा अडकणं एकाच वेळी झालं पाहिजे. पंजा झिजला तर चक्र पुरं फिरत नाही, घोडा अडकतो पण खिट्टी खाचेच्या अलीकडेच राहते. मग गोळीचं घर नळीसमोर सरळ येत नाही, किंचित तिरकं राहतं, आणि गोळी नळीच्या तोंडाला घासून शिसं बाजूनं उडतं. उलट खिट्टी लवकर उसळली तर ती चक्रावर घासत जाते आणि चक्राभोवती एक गोल रेघ पडते. ती रेघ बघून जाणकार माणूस न उघडता सांगतो की आत काय बिघडलंय.

यातली खरी खोच पुढं आहे. असं बिघडलेलं रिव्हॉल्वर झटक्यानं ओढलं तर चांगलं चालतं. कारण चक्र जड असतं. झटका बसला की ते आपल्याच वेगानं उरलेलं अंतर फिरून जातं आणि खिट्टी खट्‌कन बसते. सावकाश ओढलं तरच कळतं की पंजा त्याला शेवटपर्यंत नेत नाहीये. म्हणून तपासायची रीत एकच. हत्यार पूर्ण रिकामं आहे याची डोळ्यांनी खात्री करायची आणि घोडा अंगठ्यानं अगदी हळू, तसू तसू मागं घ्यायचा. सहाही घरांवर तसंच. एखाद्याच घरावर चूक असेल तर चक्राची खाच बिघडलेली, सगळ्या घरांवर असेल तर पंजा किंवा खिट्टी.

“खोड बघूची आसा तर हळू बघूक व्हयी,” मिस्त्री म्हणायचे. “घायत सगळा बरा दिसता.”

आमच्या ठासणीच्या बंदुकीला चक्र नाही, पंजा नाही. पण घोडा तोच, अंगठ्यानं ओढायचा. तिच्यात दोन टप्पे. अर्धा घोडा आणि पुरा घोडा. अर्ध्यावर एकदा ‘टक’ होतं, पुऱ्यावर दुसऱ्यांदा. कोल्टच्या त्या १८७३ च्या रिव्हॉल्वरात असे चार आवाज होतात. मिस्त्री डोळे मिटून कान लावायचे आणि घोडा ओढायला मला सांगायचे. दुसरी टक बसकी आली की म्हणायचे, दाता झिजलाय. घोड्याच्या पोटात एक खाच असते, तिच्यात चापाचा दाता अडकतो. खाचेची धार गोल झाली की दाता धरल्यासारखा वाटतो पण धरत नाही. अशी बंदूक मेरेला टेकवून ठेवली आणि घसरली, तर चाप न दाबता घोडा पडतो. अर्ध्या घोड्यावर भरवसा ठेवून कितीतरी माणसं जखमी झालीत. अमेरिकेतही हेच. तिथल्या रिव्हॉल्वरात पहिला टप्पा सुरक्षेचा म्हणून होता, पण ती खाच इतकी नाजूक की हत्यार पडलं तर मोडायची. म्हणून जाणती माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायची. सातासमुद्रापलीकडची माणसं आणि आमच्या वाडीतली माणसं, दोघांनाही यंत्रानं एकच धडा दिला.

बार उशिरा होण्याची कारणंही मिस्त्रींनी एकेक करून दाखवली. पहिलं कारण दमट हवा. कोकणात भादव्यात माणसाच्या हाडालाही बुरशी येईल अशी हवा. दारूला ओल लागली की ती पेटते, पण रेंगाळत पेटते. दुसरं, खुंटीच्या भोकात साचलेली काजळी नाहीतर तेल. केप वाजते, पण तिची ठिणगी आत पोचतच नाही, किंवा वाट काढत पोचते. बंदूक नीट राहावी म्हणून माणूस तेल जास्त घालतो आणि तेच तेल ओघळून भोकात बसतं. तिसरं, खुंटीचं तोंड घोड्याच्या माराने पसरतं, छत्रीसारखं. मग केप तळापर्यंत बसत नाही. पहिल्या ठोक्याला ती नुसती खाली सरकते, वाजते दुसऱ्या ठोक्याला. चौथं, घोड्याची कमान थकते. पाचवं, घोडा ढिला होऊन कडेला आपटतो. हे शेवटचं बघायला ते खुंटीच्या तोंडाला कंदिलाची काजळी लावायचे, रिकाम्या बंदुकीचा घोडा हातानं धरून हळूच टेकवायचे आणि घोड्याच्या तोंडात काळा डाग कुठं उठला ते भिंगातून बघायचे. डाग मधोमध गोल असला तर ठीक. चंद्रकोरीसारखा असला तर घोडा वाकडा.

पाच कारणं, पण बाहेरून दिसायला रोग एकच. म्हणून ते आधी विचारायचे, केप वाजली काय? वाजली तर खालचं बघायचं, नाही वाजली तर वरचं. डॉक्टर जसा आधी विचारतो, ताप आधी आला की थंडी.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं सांगतोय कारण या मधल्या वेळेनं आमच्या भागात माणसं अधू केलीत. शेजारच्या वाडीतली गोष्ट. मी तेव्हा विशीत होतो. दोघे भाऊ रात्री माळ्यावर बसलेले. गरवं भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलेलं. डुकरं उतरली, थोरल्यानं घोडा टाकला. केप वाजली, बार नाही. त्याला वाटलं फुसका गेला. त्यानं बंदूक खाली घेतली आणि काय झालं ते बघायला वळवली. तेवढ्यात बार झाला. धाकटा भाऊ शिडीवर उभा होता, त्याच्या मांडीत छर्रे गेले. रात्री डोलीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणला. तो जगला, पण पाय गेला. पुढं आयुष्यभर दोघे एकाच घरात राहिले आणि थोरल्यानं धाकट्याच्या वाटणीची शेती स्वतःच्या आधी केली. बंदूक त्यानं दुसऱ्याच दिवशी सरकारजमा केली.

त्या वर्षीपासून मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला बंदूक परत देताना पैसे घेण्याआधी एक वाक्य म्हणवून घ्यायचे. “बार नाय झालो तरी नळी हलवूची नाय. हती तशीच धरून शंभर मोजूचे. मगेच केपेक हात लावचो.” माणूस नुसतं हो म्हणाला तर चालायचं नाही. म्हणून दाखवावं लागायचं. मोठमोठ्या मिशांचे खोत आणि पोलीस पाटील त्या खोलीत शाळेतल्या पोरांसारखे ते वाक्य म्हणताना मी बघितलेत.

आता कायद्याचं. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना, गोऱ्यांना सूट. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात ठासणीची बंदूक आणि पिकाचं संरक्षण यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीत कायदा लिहिणाऱ्याला आमचं डुक्कर माहीत होतं. माझ्या वडिलांचा परवाना त्याच कायद्याखालचा. पहिली पानं रत्नागिरीच्या शिक्क्याची, आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून पुढची पानं नव्या जिल्ह्याच्या शिक्क्याची. एका लहानशा वहीत जिल्ह्याचा इतिहास आहे.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा. रान राखलं पाहिजे यात माझ्या मनात काही दुमत नाही. रान आहे म्हणून आमच्या ओहोळाला पाणी आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर बंदूक शेताच्या संरक्षणाची आणि पीक खाणाऱ्या डुकराला मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी पाहिजे. अर्ज, पंचनामा, मग परवानगी. डुक्कर एका रात्रीत कुणगा नांगरून जातं. त्यामुळं आमच्या बहुतेक बंदुका आवाजाच्याच झाल्या. छर्रे न घालता नुसती दारू ठासून बार काढायचा. डुकरंही शहाणी. दोन-तीन रात्री आवाजाला पळतात, मग ओळखतात. तरी तो आवाज असला की निदान त्यांना ठाऊक असतं, इथं माणूस जागा आहे.

आणि मग निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. नियमानं प्रत्येक परवानाधारकाचा वेगवेगळा विचार करून ठरवायचं असतं, पण आमच्या वाट्याला सरसकट निरोपच येत आला आहे. मी तारखा सांगतो, बाकी वाचणाऱ्यानं ठरवावं. विधानसभेचं मतदान २००४ साली १३ ऑक्टोबरला, २००९ साली १३ ऑक्टोबरला, २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला. कोकणात हळवं भात सप्टेंबरच्या शेवटाला तयार होतं, निमगरवं ऑक्टोबरात आणि गरवं दिवाळीच्या आसपास. म्हणजे ज्या महिन्यासाठी ही बंदूक घरात आहे, नेमक्या त्याच महिन्यात ती ठाण्याच्या कोठीत. २०१९ च्या खंडेनवमीला आम्ही पाटावर कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि बंदुकीचा नुसता गज ठेवून पूजा केली. आमची मंडळी हळदकुंकू लावता लावता म्हणाली, “डुकरांका आचारसंहिता लागत नाय काय हो?” मला उत्तर सुचलं नाही. त्या वर्षी निकाल २४ तारखेला लागला, बंदुका आणखी आठवड्यानं सुटायच्या, आणि तोवर क्यार वादळाच्या पावसानं उभं आणि कापलेलं दोन्ही भात झोपवलं. डुकरांनी सोडलं ते पावसानं नेलं.

२०२४ साली तर बंदूक दोनदा गेली. लोकसभेला मार्चपासून जूनपर्यंत, म्हणजे काजू-आंब्याच्या अख्ख्या हंगामात, माकडांना रान मोकळं. आणि विधानसभेला पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. निवडणुकीत दंगेधोपे होऊ नयेत हे मला पटतं. पण ज्या बंदुकीला एक बार काढून दुसरा भरायला एवढा वेळ लागतो, तिनं कोण कुठलं मतदान केंद्र लुटणार? घाईघाईनं बघितलं तर नियम ठीक चालतो. सावकाश, एका गावावर, एका महिन्यावर धरून बघितला की कळतं, खिट्टी खाचेच्या अलीकडे बसते आहे.

मिस्त्रींची सगळी विद्या मला आठवते ती बंदूक परत मिळते तेव्हा. दोन-तीन महिने दमट कोठीत, दुसऱ्यांच्या बंदुकांवर टेकून उभी. आणताना नळी आतून तांबूस झालेली असते, खुंटीच्या भोकात गंज नाहीतर कोळ्याचं जाळं, कमान चिकटलेली. आणि घरी तर घाई झालेली असते, कारण डुकरं त्याच रात्री यायची असतात. नेमकी हीच बंदूक रेंगाळून बार देते. म्हणून परत आलेली बंदूक मी त्या रात्री कधीच भरत नाही. पहिला दिवस तिचा. नळी रिकामी आहे हे गज घालून बघायचं. गज बाहेर किती राहतो त्याच्यावर खूण केलेली आहे, खूण वर राहिली तर आत काहीतरी आहे. मग केप न लावता खुंटीचं भोक तारेनं साफ. मग कोरडं फडकं, मग थोडं तेल, मग ते तेलसुद्धा पुसून टाकायचं. मग घोडा, हळू. पहिली टक, दुसरी टक. दोन्ही खणखणीत आल्या तर दुसऱ्या दिवशी दारूचा विचार.

मिस्त्री जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची मुलं मुंबईला. खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दाता झिजलेली बंदूक न्यायची कुठं, हा आज आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनं तीनाची पाच वर्षं झाली, कागद सोपा झाला, पण हत्यार तपासणारा हात राहिला नाही. पुष्कळांनी परवाने सोडून दिले. वारसांच्या नावावर करून घ्यायला कोणी येत नाही, कारण वारस विरारला नाहीतर पुण्याला. कुणगे पडीक पडले, पडीक कुणग्यांत झुडूप माजलं आणि डुकरांना आता रानापर्यंत जायचीही गरज उरलेली नाही. ती वाडीच्या पाठीच राहतात. जो अजून शेती करतो त्याच्यावर सगळ्या गावाच्या डुकरांचा भार.

माझ्या परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. मुलगा म्हणतो, बाबा, सोडून द्या, सौरऊर्जेचं कुंपण घालू. कुंपण मी बघून आलोय, चांगलं आहे, दोन कुणग्यांना घालणारही आहे. बाकीच्या सहा कुणग्यांना खर्च झेपत नाही. तेव्हा अर्ज करायचा ठरवलं आहे. अर्जाबरोबर वाडीतल्या दोन तरण्या पोरांना बसवून बंदुकीची ओळखही करून द्यायची आहे, म्हणजे माझ्यामागं परवाना कोणाच्या नावावर झालाच, तर नुसता कागद हातात जायला नको. दोघे हुशार आहेत, हात झपाट्याचा आहे, मोटारसायकल खोलून जोडतात. त्यांना मी पहिल्या दिवशी दारू, केप, छर्रे यांतलं काहीही दाखवणार नाही. रिकामी बंदूक देणार आणि सांगणार, घोडा हळू ओढा आणि ऐका. आणि मग ते वाक्य तोंडपाठ म्हणवून घेणार, शंभरापर्यंतच्या आकड्यांसकट.